डोंगरातल्या कालव्यावरचा सोमवार

मी देवाला मानत होते की नुसती घाबरत होते, हे त्या वर्षी कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आम्ही कॉव्हेंट्रीला राहत होतो. माझा नवरा अनंत तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होता आणि एकोणिसाव्या वर्षापासून स्वतः इन्शुलिनवर होता. लग्नाआधी मी पुण्यात एका दैनिकाच्या बातमी विभागात काम केलं होतं. पाहिलं तेवढंच लिहायचं, ही सवय तिथली. इथेही तेवढंच लिहिते.

त्या हिवाळ्यात गाडी चालवताना अनंतची रक्तातली साखर एकदम उतरून त्याचं भान गेलं. गाडी फुटपाथवर चढून थांबली. कोणाला लागलं नाही. तो आठवड्यात विसरला. मी मात्र त्यानंतर तो घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी हॉस्पिटलला फोन लावायचे. मी मनाशी ठरवलं की येत्या श्रावणातले सगळे सोमवार पाण्यावर काढायचे, सूर्य मावळल्यावरच जेवायचं, आणि महादेवाने अनंतला सांभाळायचं. ही माझी अट होती. त्याला सांगितलं तेव्हा तो हसला.

"माझ्या स्वादुपिंडाशी महादेवाचा काय संबंध? आणि घरात एक पेशंट पुरे आहे, दुसरा नको."

त्यानंतर मी त्याला सांगणं बंद केलं. उपवास मात्र श्रावण लागताच धरले.

शनिवार-रविवारी आम्ही कॉव्हेंट्रीजवळच्या कालव्यांच्या काठाने सायकली चालवायचो. त्या ऑगस्टमध्ये त्याला दोन आठवडे रजा मिळाली आणि आम्ही सायकली, तंबू घेऊन फेरीबोटीने फ्रान्सला गेलो. तिथून ट्रेनने दक्षिणेकडे. पहिले काही दिवस मोठ्या कालव्याच्या सपाट, सावलीच्या वाटेने गेले. मग त्या कालव्याला जिथून पाणी येतं तो डोंगर पाहायचा, असं अनंतच्या मनात आलं. डोंगराच्या अंगाने एक अरुंद पाट खोदलेला होता, मैलोन् मैल. त्याच्या काठाने जंगलातून पायवाट जायची. वाटेच्या एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला उतार. पायथ्याच्या एका शेतावर आम्ही तंबू ठोकला. दुसऱ्या दिवशी पाटाच्या वाटेने वर जाऊन संध्याकाळी तिथेच परत यायचं होतं. दुसरा दिवस श्रावणी सोमवार होता.

माझ्या माहेरी अशी रीत होती की उपवास करणाऱ्याने त्या दिवशी खाण्याची वस्तू जवळ बाळगायची नाही. माझ्या हँडलवरच्या बॅगेत अनंतच्या ग्लुकोजच्या गोळ्या आणि बिस्किटं कायम असायची. त्या सकाळी तो तोंड धुवायला गेला असताना मी ती सगळी काढून त्याच्या सायकलच्या डाव्या बॅगेत ठेवली. त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर उपवास कळला असता, म्हणून सांगितलं नाही. मी नळावर बाटल्या भरायला गेले. परत आले तेव्हा त्याने इंजेक्शन घेतलं होतं, कालच्या पावाचा उरलेला तुकडा खाल्ला होता आणि सायकल वाटेला लावली होती.

"पत्रकारबाई, आज तोंड बंद? काही बातमी?"

"काही नाही."

"'काही नाही' म्हणजे पहिल्या पानावरची दिसते."

पहिल्या गावात बेकरी बंद होती. दुसऱ्यातही बंद. फ्रान्सच्या खेड्यांत सोमवारी दुकानं उघडत नाहीत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अनंत म्हणाला, "राहू दे, तुझ्याजवळ बिस्किटं आहेतच." मी मान डोलावली. त्याच्याच बॅगेत आहे, वर थांबलो की तो बघेल, असा विचार केला. मग चढ सुरू झाला. मी सकाळपासून पुढे होते, तो मागे; त्याच्या सायकलकडे माझं लक्ष गेलं नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला जंगलात तो थांबला. कपाळावरून घाम निथळत होता आणि हात थरथरत होते. "गोळ्या काढ," तो म्हणाला. मी त्याच्या सायकलच्या डाव्या बाजूला पाहिलं. कॅरिअर रिकामं होतं.

"डावी बॅग कुठंय?"

"तंबूत. ओले कपडे होते तिच्यात, चढाला ओझं कशाला?"

त्यापुढची पाच-सात मिनिटं मला क्रमाने आठवतात. मी म्हटलं, परत फिरू. त्याने सायकल वळवायचा प्रयत्न केला आणि तो खाली बसला. मी माझी बॅग पूर्ण उलटी केली. नकाशा, रुमाल, पंक्चरचं सामान, उदबत्तीचा पुडा. खाण्याजोगं काही नव्हतं. अनंत उठला आणि मला ओळखत नसल्यासारखा बघून म्हणाला, "सिस्टर, बेड फोरचा चार्ट कुठंय? मी केव्हाचा मागतोय." मग तो पाण्याच्या दिशेने चालू लागला. मी त्याला मागे ओढलं. तो चिडला आणि त्याने माझा हात झटकला. शेवटी सामान बांधायच्या रबरी दोऱ्यांनी मी त्याचा पट्टा एका झाडाला बांधला. नवऱ्याला झाडाला बांधणारी बाई म्हणून कोणी मला पाहिलं असतं तर बरंच झालं असतं. पण पाहायला कोणी नव्हतं.

शेवटचं गाव तासाभराच्या अंतरावर मागे राहिलं होतं. पुढे काय आहे, माहीत नव्हतं. त्याला सोडून गेले तर तो एकटा राहणार. थांबले तर मदत येणार नाही. थोड्या वेळाने त्याचं बोलणं थांबलं. मी त्याला कुशीवर वळवलं, त्यानेच शिकवलं होतं तसं. हाक मारली तर पापण्या हलायच्या, तेवढंच. आधी मी ओरडले. घसा बसला तेव्हा सायकलची घंटा वाजवू लागले. महादेवापुढे नवी अट मांडावी म्हणून तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मांडायला काही नाही. उपवास तर मी करतच होते. त्या उपवासानेच त्याच्या तोंडची साखर काढून नेली होती. जपाचे शब्दसुद्धा पुरे होईनात. मी फक्त घंटा वाजवत राहिले.

वळणावरून एक म्हातारी आली. पायात रबरी बूट, हातात मधमाश्यांना धूर द्यायचं पत्र्याचं भांडं. मला फ्रेंच येत नव्हतं. साखरेचा शब्द तेवढा ठाऊक होता. "स्युक्र, स्युक्र," मी म्हणत राहिले. तिने अनंतकडे पाहिलं, झाडाला बांधलेल्या दोऱ्यांकडे पाहिलं, आणि वळून निघून गेली.

ती घाबरून पळाली, असंच मला वाटलं. आयुष्यात इतकी भीती मला आधी वाटली नव्हती, नंतरही नाही. घंटा वाजवणंही सुटलं. मी त्याचा हात धरून बसले.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात मधाची बरणी होती आणि काखेत कापडात गुंडाळलेला पाव. ती गुडघ्यांवर बसली. मी बोटाने थोडा थोडा मध अनंतच्या गालाच्या आत, हिरड्यांना चोळू लागले. तिने त्याचं डोकं धरून ठेवलं आणि सतत हळू आवाजात काही बोलत राहिली, आजारी गुराशी बोलावं तसं. किती वेळ गेला, सांगता येत नाही. घड्याळ पाहायचं सुचलं नाही. मग त्याने गिळलं. पुन्हा गिळलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडून तो मराठीत म्हणाला, "कडू आहे."

चेस्टनटच्या झाडांचा मध कडवटच असतो, हे मला नंतर कळलं.

तो उठून बसल्यावर मी त्याला सगळं सांगितलं: उपवास, बॅग, गोळ्या. तो रागावेल, अशी तयारी ठेवली होती. त्याने आधी पट्ट्याच्या दोऱ्या सोडवल्या.

"म्हणजे तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस?"

"नाही."

"आणि मला झाडाला बांधलंस. उपाशीपोटी. कमाल आहे तुझी." मग त्याचा आवाज बदलला. "खा काहीतरी. प्लीज."

म्हातारीला शब्द कळले नसावेत, पण तिने पाव मोडला, वर मध घातला आणि तुकडा माझ्यापुढे धरला. "मांजे," ती म्हणाली. खा. सूर्य डोक्यावर होता. मी तो घेतला आणि खाल्ला. मध मनगटापर्यंत ओघळला.

आमचा तंबू होता त्या शेताच्या मालकाला इंग्रजी यायचं. मी त्याला तीन प्रश्न विचारले: ती बाई कोण, तिथे काय करत होती, सोमवारी का आली. त्याने सांगितलं की तिच्या मधाच्या पेट्या त्या उतारावर आहेत आणि घर वळणापलीकडेच. ती रविवारीच मध काढून गेली होती, पण धुराचं भांडं तिथे विसरली होती आणि ते घ्यायला आली होती. एवढंच कारण. मी ते तपासलं, त्यात भर घालत नाही. मी एक गोष्ट लपवली आणि ती एक गोष्ट विसरली. त्यांच्यामधल्या जागेत अनंत जिवंत राहिला.

आजही तो दिवस आठवला की आधी भीती येते, कृपा मागाहून. मी शरण गेले, असं म्हणवत नाही. धरून ठेवलेलं सगळं हातातून सुटलं, तेव्हा हात उघडे झाले, इतकंच. त्यानंतर मी देवाला अट घातली नाही.

त्या बाईचं नाव विचारायचं मात्र राहिलं. तिलाही नाही, मालकालाही नाही. बातमी विभागात ही चूक कोणी पोटात घातली नसती. पण रोज दिव्यापुढे हात जोडताना तिची आठवण येते, आणि नाव ठाऊक नसलेल्याला नमस्कार करणं मला आता जमतं.