बेरीज बरोबर होती

"बेरीज बरोबर हाय की मॅडम," महादेवी म्हणाली.

बेरीज बरोबरच होती. स्क्रीनवर दहा विद्यार्थी, पाच विषय, प्रत्येकापुढे एकूण गुण. एक्स्टर्नल मॅडम, म्हणजे दुसऱ्या शाळेतून प्रॅक्टिकल घ्यायला आलेल्या परीक्षक, तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी पहिल्या ओळीतल्या चाळीसचे साठ केले. एकूण गुण जागचे हलले नाहीत.

मी लॅबच्या दारात उभा होतो.

स्प्रेडशीट म्हणजे कंप्युटरवरचा चौकटींचा कागद. एका चौकटीत फॉर्म्युला लिहिला की बेरीज मशीन करतं आणि आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. दहावीच्या आयटीच्या प्रॅक्टिकलला तेच बघतात. पोराला बेरीज येते का, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. महादेवीने दहाही बेरजा तोंडी केल्या होत्या आणि उत्तरं टाइप केली होती. एकही चूक नाही.

तिला फॉर्म्युला लिहिता येत नव्हता. वर्गात कुणालाच येत नव्हता.

आमची शाळा सोलापूरहून येताना मंद्रूप गावाच्या अलीकडे, रस्त्यालगत. लॅबमध्ये चालू मशीनं आठ, पोरं सव्वीस, आणि वीज गेली की तास गेला. शिकवत बसलो तर पोर्शन कधी संपायचा? म्हणून मी एक युक्ती काढली. मार्कशीटची फाइल स्वतः तयार केली, फॉर्म्युल्यांसकट, आणि प्रत्येक मशीनवर टाकून ठेवली. कोणी कुठल्या मशीनवर बसायचं तेही ठरवून दिलं. पोरांनी फाइल उघडायची, नावं-आकडे भरायचे, प्रिंट काढायची. परीक्षेत बहुतेक वेळा मार्कशीटच येते आणि एक्स्टर्नल स्क्रीनवर नजर टाकून पुढे सरकतात. हेडसर म्हणायचे, "तुमच्या विषयाची मला काळजीच न्हाय." मी फुगायचो. ट्रेनिंगला गेलो की इतर शिक्षकांनाही ही युक्ती ऐटीत सांगायचो.

परीक्षेच्या सकाळी महादेवीचं सात नंबरचं मशीन चालूच होईना. वायर हलवली, डब्यावर दोन थापा मारल्या. काही नाही. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या सर. ते चार नंबर रिकामं आहे, तिथं बसवा तिला."

चार नंबर आदल्या आठवड्यातच दुरुस्त होऊन आलं होतं. आतलं सगळं पुसलेलं. त्यावर कुणालाच नेमलं नव्हतं, म्हणून मी त्यात फाइल टाकली नव्हती. हे मला माहीत होतं. "बस तिथं," म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

महादेवीला दहावीनंतर सोलापूरला पॉलिटेक्निकला जायचं होतं, कंप्युटरच घ्यायचा होता. तिचे वडील शिवणकाम करतात. पालकसभेत ते माझ्यासमोरच तिला म्हणाले होते, "ह्या विषयात मार्क पडले तर धाडतो. न्हाय तर गावातच आर्ट्स."

"फॉर्म्युला कुठाय बाळ?" मॅडमनी विचारलं.

महादेवीने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग मान खाली घातली.

"सरांनी शिकवलं नाही का?"

"शिकवलंय की मॅडम. त्या दिशी मीच आले न्हवते."

वर्षभरात तिचा एक खाडा नव्हता. हजेरी मीच घ्यायचो.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "असं का सर?"

मी मान हलवली. हो म्हणून.

पेपर झाल्यावर नळापाशी तिला गाठलं. "अगं, खोटं का बोललीस?"

"तुमी लई भ्याल्यासारखं दिसत हुता सर," ती म्हणाली, आणि एसटी पकडायला पळाली. पंधरा वर्षांच्या पोरीने मला सांभाळून घेतलं होतं. आणि मी घेऊ दिलं होतं. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. तरी मॅडम गेटबाहेर पडेपर्यंत त्यांना गाठून खरं सांगायला वेळ होता. मी स्टाफरूममध्ये बसून राहिलो.

निकाल लागला. हेडसरांनी पेढा हातावर ठेवला. "शंभर टक्के! त्या एका पोरीनं तेवढं जरा घाण केली." महादेवी आयटीत काठावर पास होती. बाकीच्या पंचवीस जणांना भरभरून गुण होते.

मी तिच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणून बघितलं होतं. वडिलांनी शिलाई मशीन थांबवलं, मला खुर्ची दिली. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तुमी कशाला वाईट वाटून घेता सर? पोरगी सगळं सांगितली. शिकवताना हीच न्हवती, तर तुमी काय करनार? आमचंच चुकलं."

महादेवीने चहा आणून ठेवला. वर बघितलं नाही.

"तसं नाही," एवढं दोन शब्दांचं काम होतं. मी चहा प्यालो, बरा झालाय म्हणालो, आणि उठलो.

ती आता गावातच आर्ट्सला आहे.

सगळ्या मशीनवरच्या तयार फाइली मी डिलीट केल्या आहेत. यंदाची पोरं कोऱ्या शीटपुढे बसतात, चुकतात, पुन्हा लिहितात. पोर्शन मागे आहे आणि हेडसर नाराज आहेत. बेरजेचा फॉर्म्युला शिकवायला किती वेळ लागतो, तेही मी या वेळी घड्याळ लावून बघितलं. सव्वीस पोरं, आठ मशीनं, मध्ये एकदा वीज गेली, तरी एका तासात झालं. तेवढा एक तास मी वाचवला होता.