सुमनकाकूंचा ब्लोअर मंजूर होईपर्यंत

आमच्या दिंडोरीकडच्या गावात आत्याचं सेवा केंद्र आहे. शाळा सुटली की मी तिथे फॉर्म भरायला बसते. तिथे प्रिंटर अडकतो, सर्व्हर अडकतो, अनुदान तर अडकतंच. किस्से मात्र धडाधड येतात. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते साठतच जातात.

यंदा सगळ्यांचं लक्ष सुमनकाकूंकडे होतं. द्राक्षबागेत फवारणी करायच्या ब्लोअरसाठी सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं. आधी ब्लोअर घ्यायचा, मग कृषी खात्याचे साहेब तपासणार, मग अनुदान खात्यात! दीर म्हणाले, "वहिनी, अनुदान नाय आलं तर ब्लोअर विकावा लागंल."

"विकावा? माझ्या नावावरची पयली वस्तू हाय ती!"

*

छाटणीनंतर काड्यांना औषध लावून लावून सगळ्यांचे अंगठे खरखरीत होतात. मग केंद्रातलं आधारचं मशीन ते ओळखतच नाही! आमच्या शेजारचे नाना दहा वेळा अंगठा टेकवून दमले. आत्या म्हणाली, "नाना, जरा साबणाने धुऊन या."

नाना तासाभराने आले. अंघोळ केलेली, कडक इस्त्री, केसांना चापून तेल! अंगठा ठेवला, तो सर्रकन घसरला.

"नाना, सरकारला अंगठा दाखवायचाय, मुलगी बघायला नाही चाललात!"

*

शेवटी चेहरा दाखवायचं ठरलं. मोबाईलवर सूचना आली, डोळे मिटा आणि उघडा. नानांनी हात जोडले, डोळे मिटले आणि ते उघडेचनात.

"नाना, उघडा ना!"

"थांब गं! देणाऱ्याला नमस्कार तरी नीट करू दे."

*

मग ओटीपी हवा होता. तो गेला नाशिक रोडला, जावयाच्या फोनवर. नानांनी फोन लावला तर जावई म्हणतो, "ओटीपी कुणाला सांगायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं. तुम्ही मामाच कशावरून? माझ्या लग्नात मला काय दिलं होतं, सांगा!"

"घड्याळ! आन् तू अंगठीसाठी रुसून बसला व्हतास!"

ओटीपी लगेच मिळाला.

*

सुमनकाकूंकडे साहेब तपासणीला आले, त्या दिवशी आत्याने मला कागद घेऊन पाठवलं. काकू नवी साडी नेसून ब्लोअरशेजारी उभ्या. साहेबांनी बिल पाहिलं, ब्लोअरभोवती एक चक्कर मारली आणि थबकले.

"नंबर कुठंय?"

मशीनवर कोरलेल्या नंबरावरच काकूंनी सकाळी तेलात कालवलेलं कुंकू थापलं होतं. वर झेंडूचं फूल!

"ते त्याचं कपाळ वाटलं मला," काकू हळूच म्हणाल्या.

"काकू, नंबरचा फोटो नाही तर मंजुरी नाही."

"पूजा पुसू? आजच्या दिवशी?" काकूंचा चेहराच उतरला. दीर लांबून बघत होते. काकूंनी ब्लोअरला हात जोडले, "माफ कर रं बाबा," म्हणाल्या आणि पदराच्या टोकाने हलकेच पुसलं.

वरचं कुंकू निघालं. कोरलेल्या आकड्यांत मात्र ते घट्ट बसलं होतं. अख्खा नंबर लालभडक, ठसठशीत!

साहेबांनी फोटो काढला. मोठा करून पाहिला. एकेक आकडा बिलाशी जुळवला आणि तिथल्या तिथे 'मंजूर' दाबलं. काकूंनी दिरांकडे एकदाच पाहिलं.

साहेब मोटरसायकलपर्यंत गेले आणि परत आले.

"काकू, उद्या मला अजून चार ब्लोअर बघायचेत. थोडं कुंकू पुडीत बांधून देता का?"