मरळीच्या जबड्यातला गळ

सफाळ्याच्या तळ्यावर दर रविवारी भेटणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. गळ टाकून मासे गरवायला बसण्याआधी ते बोटावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवत, कारण त्यांच्या रिळावरची विणलेली दोरी बोट कापायची. मी तंगूसवाला. हा नायलॉनचा दोरा पाण्यात दिसत नाही, म्हणून मासा फसतो, हे माझं ठाम मत.

"शेवाळात दोरी कोण बगतो? तितं ताकद लागते," काका म्हणत.

पंधरवड्यापूर्वी शेवाळात मला मरळ लागली. मी ओढलं, तसा तंगूसचा दोरा रबरासारखा ताणला गेला आणि तुटला. "गेली तर गेली," मी हसलो. काका हसले नाहीत.

काल त्यांनी तिथंच गळ फेकला. शेवाळ चिरत त्यांची दोरी मरळ घेऊन सरळ काठाला आली. मरळ रोडावलेली. तिच्या जबड्यात आणखी एक गळ रुतलेला, मी नेहमी गुंडाळतो तसा लाल दोरा गुंडाळलेला. काकांनी पक्कडीनं तो सोडवून माझ्या तळहातावर ठेवला.

"तुमी घरी जाऊन जेवलात. हिला गिळता येत नवतं."

मी काठावरच रिळावरचा तंगूस उलगडायला बसलो. काकांनी बोटावरचा ट्यूबचा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला.