दिवेलागणीचा शब्द

१७ डिसेंबर २०२२. पालीच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्याखालचा उतार. शेरडे वगळता जीव चार: दोन तरुण, एक बाई, एक घोणस. चौथ्या दिवशी तीन उरले.

बाईचे नाव धोंडाबाई. वय साठीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मागे वीस शेरडे. राजगडाच्या पायथ्याचे ते रान तिला ओसरीसारखे होते. वाघरू, म्हणजे बिबट्या, तिने आयुष्यात पाच-सहा वेळा पाहिला. दर वेळी आधी तोच निघून गेला. तिला धास्ती होती ती माणसांची. दिवाळीनंतर टेम्पोतून आलेल्या कुणी अनोळखी लोकांनी खालच्या वस्तीवरची सात शेरडे उचलून नेली होती, आणि मोबाईलवर फिरणाऱ्या बातम्यांनी त्या सातांची सत्तर केली होती.

त्या दुपारी झऱ्याकडच्या गवतातल्या वाटेवर तिला घोणस दिसली. शेरडे वळवून ती झाडीतल्या वाटेने परतली. दोन्ही वाटा जिथे फुटतात त्याच्या जरा वर, दिवे लागायच्या वेळेला, ते दोघे समोर आले. पाठीवर थोरल्या पिशव्या, तोंडाला फडकी. गडावरून उतरताना चुकले होते. पालीची वाट विचारत होते.

तिन्हीसांजेनंतर सापाचे नाव घ्यायचे नाही, घेतले की तो येतो, हे तिला सासूने शिकवले होते. म्हणून दिवेलागणीनंतर साप म्हणजे ‘जनावर’. वाघराला वाड्यावर कुणी जनावर म्हणत नाही.

“फुडं जनावर हाय. जपून जावा, पावणं.”

“मोठं आहे का, आजी?” त्यांतल्या उंच मुलाने विचारले. त्याचे नाव स्वरूप.

“लई मोठं.”

त्याने आणखी काही विचारले. तिला ते ऐकू आले, पण ती थांबली नाही. शेरडांच्या आणि त्या दोघांच्या मध्ये तिला लवकर अंतर टाकायचे होते.

पुढचे त्याचा मित्र सोमेश्वर याने नंतर पालीत सांगितले. जनावर म्हणजे बिबट्या, आणि तो झाडीत असणार, म्हणून त्यांनी उघड्या गवतातली वाट धरली. मोबाईलवर मोठ्याने गाणी लावली, बॅटरीचा झोत लांबच्या फांद्यांवर ठेवला. पायाशी कुणी पाहिले नाही. घोणस स्वरूपला चावली, आणि चौथ्या दिवशी तो गेला.

“वाघरू हुडकत व्हते म्हनं, शहरातली शहाणी,” तिचा पुतण्या गोरख म्हणाला. धोंडाबाईच्या हातातली शेणाची पाटी तिथेच राहिली. तिचा शब्द त्यांच्या कानापर्यंत कोणता होऊन पोचला, हे तिला तेव्हा कळले.

फेब्रुवारीत स्वरूपची आई वाड्यावर आली. घोंगडीवर बसली, चहा घेतला. रागाने आलेली नव्हती. पोरांना कुणीतरी सावध केले होते, एवढे तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचे होते. उठताना तिने विचारले, “तुम्ही बिबट्याचंच सांगितलं होतंत ना?”

गोरखच्या बायकोने नुकताच दिवा लावला होता. खरे सांगायचे तर सापाचे नाव घ्यावे लागले असते. सासूचा नियम धोंडाबाईच्या तोंडाशी आयता उभा होता, आणि ती त्याच्या आडोशाला गेली.

“व्हय,” ती म्हणाली.

स्वरूपच्या आईने तिचे दोन्ही हात धरले. शेवटी कुणी मायेचे माणूस त्याला भेटले, एवढाच आधार आहे, म्हणाली. गोरखच्या मोबाईलमध्ये आपला नंबर ठेवून ती गेली.

आता धोंडाबाई तिन्हीसांजेला वाटा फुटतात तिथे उभी राहते. उतरणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला अडवून सांगते, “घोणस हाय. पायाशी बघा.” वाड्यावरच्या बायका कानांवर हात ठेवतात, म्हातारी घर बुडवणार म्हणतात. ती नाव घेतच राहते. अंधार दाटला, की खालून कुणीतरी विचारते, मोठं आहे का, आजी? वाटेवर त्या वेळी कुणी नसते.

तो नंबर अजून मोबाईलमध्ये आहे. स्वरूपच्या आईला द्यायचे खरे उत्तर दिलेले नाही.