आतून लावलेली कडी

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा आवाज असा, की शिकाऊ माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गल्लीत कुणाची हमरीतुमरी झाली की मध्ये पडायला मास्तर पुढे. "मी असताना कोण वाकड्या नजरेनं बघतो, तेच बघतो!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या दुपारी सुट्टी होती. बायको शिवलेले कपडे पोचवायला गेलेली, मास्तर जेवून लवंडले होते. मागच्या दाराशी खरखर ऐकू आली म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर फटीतून पटाशीचं टोक आत आलेलं आणि दाराची कडी स्क्रूंसकट हळूहळू उखडतेय. मास्तरांची पाचावर धारण बसली. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. ते सरळ न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावून घेतली.

थोड्या वेळानं बायकोचा आरडाओरडा ऐकू आला. ती मागच्या बोळातून परतत होती. दाराशी वाकलेला माणूस दिसताच तिनं गल्ली गोळा होईल अशी बोंब ठोकली आणि हातातली पिशवी त्याच्या तोंडावर भिरकावली. तो कुंपणावरून उडी टाकून पसार झाला.

"अहो, या बाहेर. गेला तो," पुढच्या दारानं आत येऊन तिनं न्हाणीघराचं बंद दार वाजवलं.

पोलीस आला. "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" त्यानं मास्तरांना विचारलं.

बायकोच म्हणाली, "आंघोळ करत होते. पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नाही."

मास्तरांचे केस कोरडे, अंगात झोपून चुरगळलेला शर्ट. पोलिसानं एकवार त्यांना न्याहाळलं आणि तसंच लिहून घेतलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मास्तरांना झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूपवाल्याला बोलावलं. "कडी दणकट आहे, पण स्क्रू एवढेसे," तो म्हणाला. "हे वाऱ्याला अडवतील, माणसाला नाही." मास्तरांनी लांब स्क्रू बसवून घेतले, चौकटीला लोखंडी पट्टी ठोकली, कुंडीखालची जादा किल्ली उचलली, मागे दिवा लावला. आणि मग अख्ख्या गल्लीला शिकवत सुटले. कुणाची खिडकी हलवून बघ, कुणाचा कोयंडा उपटून दाखव. बोलता बोलता जुना आवाजही परत आला.

एकट्या राहणाऱ्या शेजारच्या काकू घरी आल्या. "मास्तर, माझंही मागचं दार बघा ना. घरात तुमच्यासारखा माणूस होता म्हणून तुमचं निभावलं. मला कोण आहे?"

"बघतो की!" मास्तर म्हणाले. आत बायको चहा गाळत होती. तिचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला. चहा आला, तो मास्तरांनी तसाच ठेवला.

काकू गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "मी घाबरलो होतो गं."

"घाबरलात त्याचं काही नाही. मीही घाबरले होते." ती कपबशा विसळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "पण मी त्याच बोळातून येते, आणि यायची वेळ झालीय, हे तुम्हाला ठाऊक होतं."

मास्तरांना हे सुचलंच नव्हतं. कडी लावताना नाही, नंतरही नाही. इतके दिवस ते लोकांच्या हसण्याला भीत होते, आणि खरी लाज ही इथं, ओट्यापाशी होती. "चुकलो," एवढंच त्यांना बोलता आलं. तिनं पुढची कपबशी नळाखाली धरली.

सकाळी ते काकूंकडे गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. काकू आधी हसल्या, मग मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. "मग मला शिकवायला तिलाच घेऊन या," त्या म्हणाल्या.

बायको आली. तिनं काकूंचं दार आतून-बाहेरून तपासलं, बिजागऱ्या दाबून पाहिल्या. कुणी आलंच तर आधी ओरडायचं, पुढच्या दारानं बाहेर पडायचं, एकटं लपून बसायचं नाही, हे समजावलं. शेवटचं सांगताना तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. मास्तर खाली मान घालून स्टूल धरून उभे होते. तिनं हात पुढे केला की ते स्क्रू देत होते.