ग्रामसेवकाच्या कानावरचा हेडफोन

आमच्या पारनेर तालुक्यातल्या गावात ग्रामसभेची एक रीत आहे. दारातच हजेरीच्या वहीवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, आणि ठराव मागाहून सावकाश लिहायचे. खाली ठरलेली ओळ, ‘सर्वानुमते मंजूर’. सही आल्याची, वापर संमती म्हणून! ही चोरी आहे आणि गावात वाटायला मी जे पत्रक काढते, त्यात मी तिला चोरीच म्हणते.

या खेपेला वस्तीवरचा सार्वजनिक नळ काढून मंदिराच्या सभामंडपापाशी न्यायचा ठराव होता. माझ्या काकीने मागच्या रांगेतून विरोध केला. इतिवृत्तात मात्र ‘कोणाचीही हरकत नाही.’

“मी बोलले हुते,” काकी म्हणाली. “का लिवलं न्हाई?”

सभा माझ्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड होती, पण स्पीकरवर लावलं की नुसती पंख्याची घरघर. संगमनेरला ध्वनिसंकलन करणारी एक मैत्रीण आहे. तिच्याकडून दोन हेडफोन मागून आणले. दोन्ही ओपन-बॅक, म्हणजे कानावरच्या वाटीला मागून जाळी. हवा खेळती राहते, कान उबत नाहीत.

पहिला मखमली गादीचा. डोक्यावर काही आहे हेच विसरायला व्हायचं. इंटरनेटवर त्याचं केवढं कौतुक! गाणं कसं ऐसपैस वाजतं, तबला कसा भरदार लागतो. माणसाचं बोलणं कळतं का, हे एकाही शहाण्याने लिहिलेलं नाही. तीन दिवस ऐकलं. त्या गुबगुबीत आवाजात पंखाच तेवढा भरदार झाला. काकी कुठेच नाही. शेवटी मी तिलाच विचारलं, “काकी, नक्की बोललीस ना? का मनातल्या मनात?”

तिने भाकरी तव्यावर आपटली. “तूबी भाऊसाहेबाच्यातली झालीस व्हय?”

भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. तो टोला मला लागला, आणि लागायलाच हवा होता.

दुसरा हेडफोन जड, कानशिलं आवळणारा. चष्म्याच्या काड्या कातडीत रुतायच्या. आवाज कोरडा, रुक्ष. पण घरघर एका बाजूला आणि माणसं एका बाजूला! डोकं ठणकेपर्यंत ऐकलं तेव्हा काकी सापडली. “नळ काढू नका. म्हाताऱ्या बाया तितवर कशा जातील? हे लिवा!” आणि लगेच खुद्द भाऊसाहेब, “बसा मावशी, लिहितो.”

काकीला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. तोच हेडफोन भाऊसाहेबांच्या कानावर चढवला.

“काही कळत नाही ताई. नुसती खरखर आहे.”

मी आवाज पुरता वाढवला. ओपन-बॅकची खोड अशी, की कानातलं जाळीतून शेजाऱ्यालाही ऐकू जातं. शेजारी शिपाईमामा चहा ठेवत होते.

“मला हितून ऐकू येतंय की भाऊसाहेब,” मामा म्हणाले. “तुमचाच आवाज हाय. बसा मावशी, लिहितो.”

कचेरी हसली. मी नाही हसले. लिहितो म्हणून न लिहिणारा माणूस हसण्यावारी न्यायचा?

भाऊसाहेब कानशील चोळत म्हणाले, “फार दाबतो हो हा.”

“दाबू द्या,” काकी म्हणाली. “आधी लिवा.”

त्यांनी वही उघडली. ‘एका महिलेने हरकत घेतली’ एवढं लिहून पेनाला टोपण लावलं. मी वाचून दाखवल्यावर काकी टेबलापाशी सरकली.

“एक महिला कोन? नाव हाय मला. ते लिवा.”

लिहिलं.