कॉलरच्या वर

मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही सापडली, तिच्यात हे लिहितेय. बोलून सांगायला गेले की माझा शब्द घशातच राहतो, आणि आज तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुपारपासून दोनदा चहा उतू गेलाय.

एकोणीस वर्षं मी शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात कॉलर शिवली. फक्त कॉलर. बाह्या दुसरी शिवायची, काजं-बटणं तिसरी करायची. माझ्यापुढे कापलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा यायचा. आत बकरमचं कडक कापड घालून शिवायचं, उलटवायचं, सुईनं दोन्ही टोकं नीट बाहेर काढायची आणि पुढे सरकवायचं. त्या कॉलरी कुठल्या पोरांच्या गळ्यात गेल्या ते मी कधी बघितलं नाही.

माझी नजरही कॉलरपर्यंतच जायची. चौथीनंतर भावंडं सांभाळायला घरी बसले, मग लग्न होऊन सोलापुरात आले, आणि समोर कुणीही असलं तरी मान खाली ठेवायची सवय लागली ती लागलीच. कोण बोलायला आलं की मी त्याच्या कॉलरकडे बघायची. कारखान्याच्या मास्तरांशी रोज बोलणं व्हायचं, पण ते दिसायला कसे आहेत असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्यांचे शर्ट मात्र सगळे पाठ होते.

चार वर्षांपूर्वी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची रंगपेटी माझ्या हाती लागली. कारखान्यातून टाकून दिलेले पॅटर्नचे पुठ्ठे मी घरी आणायची. त्यांच्या मागच्या बाजूवर रंगवायला लागले. पहिलं चित्र नवऱ्याचं, त्याच्या पासपोर्टच्या फोटोवरून. तो चिंचोळीच्या एका कंपनीत आहे. पाळी संपवून आला, चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"कॉलर एकदम भारी जमलीय," तो म्हणाला. "पण हा माणूस कोण हाय?"

मलाच इतकं हसू आलं की मी खाली बसले. ते चित्र त्यानं शेजारच्यांनाही दाखवलं. पण पुढच्या पगाराला नव्या पेठेतून चांगले ब्रशही त्यानंच आणून दिले.

प्रत्येक चित्र मी कॉलरपासून सुरू करायची. शिवण, टोक, मग गळा, हनुवटी, असं खालून वर. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून नाक-कान जमायला लागले, गालावर सावली कशी पाडायची ते कळलं. गल्लीतल्या कितीतरी जणांचे चेहरे मी फोटोवरून काढले. फोटोचं बरं असतं. आपण त्याच्याकडे बघितलं तरी तो आपल्याकडे बघत नाही.

मग या दिवाळीनंतर पलीकडच्या गल्लीतल्या शिक्षिका बाई आल्या. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि त्यांना वडिलांचं मोठं चित्र हवं होतं, कॅनव्हासवर. वडील बसमध्ये कंडक्टर होते. बाईंनी त्यांचा वर्दीतला जुना फोटो दिला.

मी पंधरा दिवसांची रजा टाकली. मास्तर म्हणाले, "एक तारखेपर्यंत तुमचं मशीन दुसऱ्या कुणाला देत नाही. नंतरचं माझ्या हातात नाही." मी त्यांच्या वरच्या बटणाकडे बघून मान हलवली. मनात मात्र ठरवून टाकलं होतं. हे चित्र जमलं तर परत जायचं नाही, घरीच बसून चेहरे रंगवायचे. नाही जमलं तर डोळे साथ देतील तोवर कॉलर. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

आठवड्यात चित्र तयार झालं. जुन्या साडीत गुंडाळून त्यांच्या घरी नेलं. काकूंनी, म्हणजे बाईंच्या आईनं, ते खिडकीशी उजेडात धरलं.

"वर्दी झकास हाय," त्या म्हणाल्या. "बिल्ल्याचा नंबरसुदिक बरोबर. पण ह्यात आमचे हे कुटं हायत?"

"मी हितं हाय की," खाटेवरून काका म्हणाले.

"तुमी गप बसा."

शिक्षिका बाई ओशाळल्या. मी तर चित्र उचलून दाराकडे निघालेच. काकूंनी हात धरला.

"निघालीस कुटं? माणूस जित्ता बसलाय समोर, फोटोवरनं कशाला काढतीस? उद्या ये सकाळी."

एक तारखेला आठ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी नवा कॅनव्हास घेऊन गेले. काका खिडकीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत तयार बसले होते. अंगात बंडी. बिनबाह्यांची, बिनकॉलरची, गोल गळ्याची बंडी.

माझा हात थांबला. सुरुवात कुठून करायची? जिथं माझी नजर टेकायची ती जागाच नव्हती. मी खुर्चीची पाठ काढली. मग खुर्चीचा हात काढला. काकू शेजारी स्टुलावर शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनी डोकावून बघितलं.

"खुर्ची लई छान आलीय," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "पोरी, मघापासनं माझ्या गळ्याकडं काय बघतीयास? काय लागलंय का?"

"नाही... कॉलर नाहीये," मी म्हटलं. "मी कॉलरपासून सुरू करते. वर बघायला मला... लाज वाटते."

मला वाटलं आता दोघं हसणार. हसले खरेच. पण मग काका खुर्चीत पुढे सरकले.

"हे बघ, बसमधी सत्तर-ऐंशी माणसं असायची. कोण चढलं, कोण तिकीट न काढता मागं जाऊन झोपल्याचं सोंग घेतंय, सगळं तोंडाकडं बघूनच कळायचं. पहिल्या दिवशी मलाबी लाज वाटली. बायामाणसांकडं कसं बघायचं, म्हाताऱ्यांकडं कसं बघायचं? करमाळ्याला पोचेपर्यंत निम्मी बस फुकट गेली. दुसऱ्या दिवसापासनं बघायला लागलो. कामासाठी बघतोय म्हटल्यावर कुणाला राग येत न्हाय."

"बघ की बिनधास्त," काकू म्हणाल्या. "माझी परवानगी हाय. पन्नास वर्षं मी ह्या तोंडाकडं बघतीय, मला काय झालंय?"

मी बघितलं.

काय सांगू! छातीत मशीनचं पायडल कुणीतरी दाबून धरल्यासारखं झालं. तपकिरी डोळे, आणि त्या तपकिरीच्या कडेनं बारीक निळसर गोल. डावी पापणी उजवीपेक्षा जराशी खाली. नाकावर चष्म्यानं पाडलेले दोन खळगे. मानेवरची सावली काळी नव्हतीच, हिरवट होती! चार वर्षं मी सावलीत काळा घालत आले होते. हे सगळं माणसांच्या तोंडावर एवढ्या उघड्यावर असतं आणि मी चव्वेचाळीस वर्षं बटणं बघत बसले?

पण काकांची नजर सारखी डावीकडे काकूंकडे घसरायची.

"माझ्याकडं काय बघताय?" काकू ओरडायच्या. "तिकडं बघा, तिकडं!"

ते इकडे बघायचे, की पुन्हा तिकडे. शेवटी माझाच आवाज मला ऐकू आला. "काका, इकडं बघा. माझ्याकडं."

एका वडीलधाऱ्या पुरुषाला मी हुकूम दिला होता. काका सरळ बसले आणि बघायला लागले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण हात चालू राहिला.

चार दिवसांत चेहरा आला. नाक बरोबर, पापणी बरोबर, खळगे बरोबर. तरी काहीतरी चुकत होतं. चित्रातले काका मला सुटे पैसे मागत होते. मी चित्रातले डोळे पुसून पुन्हा काढले, दोनदा. घरी येऊन पोळी करतानाही तेच डोळे समोर. तीनच दिवस राहिले होते.

पाचव्या दिवशी काका दमून पुन्हा काकूंकडे बघायला लागले आणि मी ओरडायच्या ऐवजी नुसती बघत राहिले. तिकडे बघताना त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा सैल पडायचा. डाव्या पापणीखाली एक सुरकुती उमटायची, ती माझ्याकडे बघताना गायब व्हायची. माझ्याकडे बघताना ते कामावर असायचे.

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही स्टूल घेऊन माझ्या पाठीमागं बसा."

"आणि काय करू?"

"शेंगाच फोडा."

त्या माझ्या मागे बसल्या. काकांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली. तासाभरात डोळे झाले. मग ओठ. बंडी अगदी शेवटी, दहा मिनिटांत. कपडा शेवटी रंगवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

आज सकाळी थोडं उरलेलं काम संपवलं आणि चित्र खाटेवर भिंतीला टेकवून ठेवलं. काकू आतून आल्या, हात पिठाचे. उभ्या राहिल्या. एरवी मी त्यांच्या पदराच्या काठाकडे बघत थांबले असते. आज तोंडाकडे बघितलं.

त्या चित्राला म्हणाल्या, "काय बघताय?"

"मी काय बघत न्हाय," मागून काका म्हणाले. "मी हिकडं बसलोय."

काकूंनी पिठाच्या हातानंच पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. आतून त्यांचं नाक ओढणं ऐकू आलं, आणि मग हसणं.

मी तिथून थेट कारखान्यात गेले. रिक्षासुद्धा केली नाही, पायांना थांबायचंच नव्हतं. मास्तर कापणीच्या टेबलाशी उभे होते. मी त्यांच्यासमोर गेले, माझी नजर पहिल्या बटणापाशी आली आणि वर चढली.

मास्तरांच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस उभा आहे. दोन्ही भुवयांच्या मधोमध एक उभी रेघ आहे, बहुतेक कापड मापून मापून पडलेली. डोळे मी समजत होते तसे कडक नाहीत, थकलेले आहेत आणि चांगले आहेत. एकोणीस वर्षं!

"मास्तर, माझं मशीन देऊन टाका दुसऱ्या कुणाला," मी म्हटलं. "मी आता परत येत नाही."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "घरी काही अडचण?"

"नाही. मी माणसांचे चेहरे रंगवणार आहे."

ते बघत राहिले. मीही बघत राहिले. त्या रेघेच्या आतला रंग कसा करायचा ते मला तेव्हाच कळलं, तांबड्यात थेंबभर निळा. आणि धीर सुटण्याआधी मी बोलून मोकळी झाले, "तुम्ही बसाल का माझ्यासमोर? सुट्टीच्या दिवशी. तासभर."

मास्तरांचा हात आपोआप गळ्याशी गेला. वरचं बटण लावत ते म्हणाले, "मग मी नवा कॉलरचा शर्ट घालून येतो."

"कसेही या," मी म्हटलं.